बर्फ ठेवायचा कुठे

टक्.

राइस कुकरची कळ वर उडाली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी आणि सारंग बराच वेळ एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये शेतीच्या अवजारांचा कॅटलॉग उघडा पडला होता. टेबलाखाली साडेचार वर्षांची मिहिका पाइनची वाळकी फळं ओळीत मांडत बसली होती.

"ठरव आता," सारंग म्हणाला. "दुकानवाल्याने शुक्रवारपर्यंतची मुदत दिलीय. एकदा बर्फ पडायला लागला की त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही."

"मी काय ठरवणार? ट्रॅक्टर तू चालवणार."

"चालवणार मी. पण झोप तुझी उडालीय ना."

हे खरं होतं. त्याला आता सात वर्षं होतील, पण तो कॅटलॉग अजून डोळ्यांसमोर येतो. डाव्या पानावर ब्लेड, उजव्या पानावर ब्लोअर.

मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, मोठ्या सरोवराजवळ, ते घर आम्ही त्याच जुलैत घेतलं होतं. सारंगला तिथल्या कॉलेजात नोकरी लागली होती. घराबरोबर मागच्या शेडमधला छोटा निळा ट्रॅक्टरही आला. आमच्या वाशीमकडच्या ट्रॅक्टरसमोर तो वासरासारखा दिसला असता. पुढे माती उचलायची बकेट होती आणि सारंग पहिल्याच दिवशी त्याच्यावर बसून अंगणात तीन चकरा मारून आला होता. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दोनशे मीटरची आमची स्वतःची वाट होती. मध्ये एक वळण, दोन्हीकडे झाडं. मोठा रस्ता सरकार साफ करतं, ही वाट ज्याची त्याने करायची. बकेटने एवढी वाट मोकळी करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. म्हणून ट्रॅक्टरला मागे काहीतरी जोडायला हवं होतं.

ब्लेड म्हणजे एक वाकडं लोखंडी पातं. बर्फ खरवडून कडेला सारतं, बस. ब्लोअर वेगळा. त्याला इंजिनची ताकद मिळते. त्याच्या तोंडाशी लोखंडी पीळ फिरतो, बर्फ आत ओढतो आणि वरच्या नळीतून लांब झाडीत फेकून देतो. तो मागे जोडलेला असतो, म्हणून ट्रॅक्टर उलटा चालवायचा, मान वळवून.

आदल्या दिवशी दुकानाच्या आवारात त्या माणसाने आम्हाला तो चालू करून दाखवला होता. कोरडाच, नुसत्या हवेवर. ते लोखंडी दात आतल्या दिशेने फिरायला लागले आणि मी मिहिकाला उचलून घेतलं. ती दहा पावलं लांब होती, तरीही.

मी सात वर्षांची असताना आमच्या खळ्यावर सोयाबीनची मळणी चालली होती. माझे धाकटे काका, दिगंबरकाका, मशीनच्या तोंडात पेंढ्या सारत होते. सदऱ्याची बाही आधी गेली. मी समोरच्या ढिगावर बसले होते. काका पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना हसत सांगायचे, "मशीनने हातच मागितला, म्हटलं घे बाबा." पाहुणेही हसायचे. मी तिथून उठून जायचे.

"तोंड असलेलं मशीन मला दारात नको," मी सारंगला म्हणाले.

"अगं, शीअर पिन असते त्याला. काही अडकलं की ती तुटते आणि मशीन थांबतं."

"दगड अडकला तर तुटते. हाताला तुटते का?"

तेवढ्यात दार वाजलं आणि हेल्मी आत आली. हेल्मी म्हणजे शेजारीण. आमच्या आणि तिच्या घरामध्ये अर्ध्या मैलाची झाडी होती, तरी शेजारीणच. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तिचे आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले होते. चाळीस वर्षं उलटा ट्रॅक्टर चालवून तिची मान कायमची थोडी उजवीकडे वळलेली होती, त्यामुळे ती नेहमी आपल्यावर संशय घेत असल्यासारखी वाटायची. येताना तिने वेलचीचा गोड पाव आणला होता. तो खाताना मला दर वेळी आईच्या हातचं काहीतरी आठवायचं, आणि नेमकं काय ते कधीच आठवायचं नाही.

"ब्लोअर," कॅटलॉगवर नजर टाकून ती म्हणाली. अजून खुर्चीत बसलीही नव्हती.

"शाल्मलीला ब्लोअर नकोय," सारंग म्हणाला.

"का?"

मी तिला दिगंबरकाकांचं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, पावाचा तुकडा मोडून टेबलाखाली मिहिकाच्या हातात दिला.

"माझ्या नवऱ्याची दोन बोटं गेली," ती म्हणाली. "ब्लोअर चालू ठेवून हाताने बर्फ काढत होता. चांगला माणूस होता, पण मूर्ख." मग सारंगकडे वळून, "तू मूर्ख आहेस का?"

"अधूनमधून," सारंग म्हणाला.

"मग बंद करूनच खाली उतरायचं. एवढंच." तिने ब्लेडच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे बर्फ नाहीसा करत नाही, शाली. कडेला सारतं. नोव्हेंबरातला बर्फ एप्रिलपर्यंत तिथेच राहतो. त्याच्यावर डिसेंबरचा, त्याच्यावर जानेवारीचा. एवढा बर्फ तू ठेवणार कुठे?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. गवत अजून हिरवं होतं, त्याच्यावर बर्चच्या झाडांची पिवळी पानं. वाटेच्या दोन्ही बाजूंना हवी तेवढी जागा दिसत होती.

"जागा आहे की," मी म्हणाले.

हेल्मी चहा पीत राहिली. सारंगने मात्र एकदा शेवटचा प्रयत्न केला.

"हे बघ, ब्लोअर मागे असतो, आणि मी मागेच बघत असणार. उलट जास्त सुरक्षित."

"आणि ही कडेने धावत आली तर?"

"मी ट्रॅक्टर काढला की हिला घरात ठेवायचं."

"साडेचार वर्षांचं पोर? बर्फ पडलेला असताना? किती वेळ ठेवशील, सांग."

टेबलाखालून मिहिकाचा आवाज आला. "मी घरात नाही राहणार."

"ऐकलंस?" मी म्हणाले.

सारंगने कॅटलॉग मिटला. "ब्लेड," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी गाढ झोपले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली. मी नियम घालून दिला. ट्रॅक्टर चालू असेल तेव्हा मिहिकाने स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच खेळायचं, माझ्या नजरेच्या टप्प्यात. बर्फातला लाल कोट, लाल बूट, म्हणजे लांबूनही दिसेल. तिने तो नियम पाळला. मीही दर दोन मिनिटांनी मान वर करायचे. ट्रॅक्टरच्या मागे ते मुकं पातं खाली टेकलेलं दिसायचं, ना दात, ना पीळ, आणि मला बरं वाटायचं.

डिसेंबरात वाटेच्या दोन्हीकडचे ढीग माझ्या खांद्याला लागले. ख्रिसमसपर्यंत माझ्या डोक्यावर गेले. ब्लेडने सारलेला बर्फ आता कडेला मावेना, म्हणून सारंग तो पुढच्या बकेटने उचलून ढिगांच्या माथ्यावर चढवायला लागला. वाट अरुंद होत गेली. आमची गाडी दोन्ही आरसे मिटूनच निघायची.

"सह्याद्री झालाय नुसता," सारंग म्हणायचा. "मिहू, हा कोणता किल्ला?"

"माझा किल्ला," मिहिका म्हणायची.

हेल्मी एकदा येऊन गेली. वळणापाशी उभी राहून तिने ढिगाच्या माथ्याकडे पाहिलं. "अजून तीन महिने," एवढंच म्हणाली.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार होता. तीन दिवस सतत पडून बर्फ सकाळी थांबला होता. लख्ख ऊन होतं, इतकं की डोळे दुखावेत. सारंग ट्रॅक्टर घेऊन वाटेवर गेला. मिहिका अंगणात प्लॅस्टिकचं फावडं घेऊन खणत होती. मी गुळाच्या पोळ्यांसाठी तीळ भाजायला घेतले होते. कढईत तीळ तडतडत होते. मी मान वर केली, लाल कोट दिसला. पुन्हा वर केली, दिसला. मग तीळ रंग धरायला लागले. त्या क्षणी तिळांवरून नजर काढली तर ते जळतात, म्हणून मी काढली नाही. फार तर तीन-चार मिनिटं. मान वर केली तेव्हा अंगण रिकामं होतं.

मला भीती वाटली नाही. हेच मला अजून कळत नाही. ट्रॅक्टरचा आवाज वळणाकडून येत होता. वाटलं, बाबाजवळ गेली असेल, त्याने मांडीवर घेतलं असेल. आता हिला रागवायला हवं, असंसुद्धा वाटलं. मी दुसरा घाणा टाकला.

थोड्या वेळाने सारंग बूट आपटत दारात आला. ट्रॅक्टर वाटेवरच चालू ठेवून, पाणी प्यायला.

"मिहू कुठाय?" त्याने विचारलं.

"तुझ्याजवळ ना?"

त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातला झारा कढईत तसाच सोडला.

मी तशीच बाहेर पडले, घरातल्या चपलांवर. अंगणात तिची पावलं गोल गोल फिरली होती, एकात एक मिसळली होती. सारंग शेडकडे धावला, मी वाटेने. "मिहिका, मिहू," मी ओरडत होते. वळणापाशी ट्रॅक्टर नुसताच फुरफुरत उभा होता. मी ढिगाच्या माथ्यावर चढले, हातापायांनी, गुडघ्यापर्यंत रुतत. वरून झाडी दिसत होती, सरळसोट खोडं, सगळं पांढरं, कुठेही लाल नाही. मी तिथे उभी राहून तिला हाका मारल्या. कितीतरी. उत्तर आलं नाही. मग मला लाकडांची शेड आठवली, मागचा ओढा आठवला, मोठा रस्ता आठवला. मी उतरले आणि ओढ्याकडे पळाले.

ओढ्यावर बर्फ अखंड होता. त्याच्यावर पाऊल नव्हतं. मी परत येईपर्यंत सारंगने मदतीसाठी फोन केला होता. यायला चाळीस मिनिटं लागतील, रस्ते बंद आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग त्याने हेल्मीला फोन केला.

ती झाडीतून स्कीवर आली, हातात उंच लाकडी काठी. सगळ्यात आधी तिने ट्रॅक्टर बंद केला आणि किल्ली खिशात टाकली. एकदम इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू आला.

"तू आज कुठे टाकलास बर्फ?" तिने सारंगला विचारलं.

"सगळीकडे. म्हणजे, शेवटी वळणावर. माथ्यावर चढवला. दोन-तीन बकेटा."

"पलीकडे घसरला का?"

"मला पलीकडचं दिसत नाही," सारंग म्हणाला.

ढिगाची पलीकडची बाजू वळणापासून थेट शेडपर्यंत जात होती. शंभर पावलं तरी सहज. सगळीकडे ताजा, मऊ, सारखाच दिसणारा बर्फ.

"शाली, घरात जा," हेल्मी म्हणाली.

"मी कुठेही जाणार नाही."

"घरात जा. चुलीसमोर नेहमी उभी राहतेस तिथे उभी राहा. तू तिला काय सांगितलं होतंस?"

"खिडकीतून दिसशील तिथेच खेळ."

"मग ती कुठे गेली असेल? जिथून दिसत नाही तिथे. मला ती जागा दाखव. जा."

मी धावले. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, तीळ कोळसा झाले होते. मी चुलीसमोर उभी राहिले, खिडकी पूर्ण उघडली. थंडी तोंडावर आदळली. बाहेर हेल्मी ढिगाच्या पलीकडून चालत होती, काठी उंच धरून. काठीचं टोक दिसत होतं, खाली तिची टोपी दिसत होती. ती शेडकडून वळणाकडे निघाली होती, एकेक पाऊल. टोपी दिसतेय. दिसतेय. मग एका ठिकाणी, जिथे ढीग सगळ्यात उंच होता, टोपी बुडाली, आणि पुढच्या पावलाला काठीचं टोकही बुडालं.

"तिथे," मी ओरडले. "तिथे दिसत नाहीस."

मी पोहोचले तेव्हा सारंग ट्रॅक्टरकडे वळला होता. "किल्ली द्या, बकेटने एका मिनिटात उघडतो."

"नाही," हेल्मी म्हणाली. "हातांनी."

"वेळ जातोय."

"हातांनी, सारंग."

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो. वरचा बर्फ मैद्यासारखा होता, तेवढाच परत घसरत होता. मी ओंजळीने उपसत होते, कुत्र्यासारखं दोन्ही पायांच्या मधून मागे फेकत होते. माझ्या हातांना काही कळेनासं झालं. हेल्मी काठी उलटी धरून, जाडं टोक पुढे करून, हळूच दाबत होती. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काठी एकदम आत गेली, जणू पलीकडे काही नव्हतंच.

"पोकळी आहे," ती म्हणाली. "इथे. हळू."

आधी प्लॅस्टिकचं फावडं निघालं. मग लाल बुटाचा तळवा. तो हलला.

सारंगने तिला ओढून बाहेर काढलं. तिने आत गुडघे पोटाशी घेऊन बसता येईल एवढं घर खणलं होतं, नीट गोल, भिंती थापून. दारावर बर्फ आला होता, घर शाबूत होतं. तिच्या पापण्यांवर पांढरं होतं, ओठ निळसर. डोळे उघडे. ती रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली, ओळख नसल्यासारखी.

अँब्युलन्स आली ती वळणापाशी अडली, दोन ढिगांमधून तिला आत येता येईना. माणसं पेटी घेऊन चालत आली. त्यांनी तिला तपासलं, बोटं पाहिली, छातीला नळी लावली. "नशीबवान आहे," त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली. "अर्धा तास तरी आत असावी." अर्धा तास. मी तिळाचे दोन घाणे भाजले होते.

ते गेल्यावर हेल्मीने ट्रॅक्टरची किल्ली टेबलावर ठेवली. ती काही म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. मला हवंच होतं ते. पण तिने नुसती कढई उचलली, जळलेले तीळ बाहेर नेऊन टाकले आणि कढई घासायला घेतली.

सारंग जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. ओले बूट तसेच.

"मी तीन बकेटा टाकल्या," तो म्हणाला. "एकावर एक. तिथेच."

"तुला दिसत नव्हतं."

"ब्लोअर असता तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. माझ्याकडे बघायचं टाळलं. त्याला मला दुखवायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"सोमवारी जाऊन ब्लोअर घेऊन ये," मी म्हणाले.

"तुला नको होता."

"घेऊन ये."

मिहिका माझ्या मांडीवर होती, दोन रजयांमध्ये गुंडाळलेली. कोमट दूध अर्धं संपलं होतं. तिच्या गालांवर हळूहळू रंग येत होता. मी तिची बोटं एकेक करून चोळत होते, मोजत होते, पुन्हा मोजत होते. हेल्मीच्या हाताखाली कढई घासल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मिहिकाने मान वर केली.

"आई, तू माझ्या घराच्या वर उभी होतीस ना?"

माझे हात थांबले. "तुला कसं कळलं?"

"ऐकू येत होतं. तू मिहू मिहू म्हणत होतीस. बर्फ करकर वाजत होता. मी ओ म्हटलं. किती वेळा म्हटलं. खूप मोठ्याने."

सारंगने चेहरा हातांत घेतला. हेल्मीला मराठी येत नव्हतं, पण नळ बंद झाला.

मिहिका माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी ओ देत होते," ती म्हणाली, "मग तू निघून का गेलीस?"